ऑडिओमेट्री नॉर्मल, तरी वर्गात गोंधळ: श्रवणप्रक्रिया विकाराची पार्श्वभूमी

उपचारांसाठी मिरज गाठायची रीत जुनी आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभे केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आज सांगली जिल्ह्यातलेच नव्हे, तर सीमेपलीकडचे कर्नाटकातले रुग्णही तिथे येतात. वर्गात सांगितलेले मुलाला कळत नाही, प्रत्येक वाक्याला तो "काय?" म्हणतो, अशी तक्रार घेऊन पालक तिथल्या कानाच्या डॉक्टरांकडे जातात तेव्हा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, होते आणि ती नॉर्मल आली, की "कान ठणठणीत आहेत, त्याचे लक्षच नसते" असा निष्कर्ष निघतो. मग घरी आणि शाळेत त्या मुलाला बोलणी बसतात. अशा वेळी तपासणी चुकलेली असतेच असे नाही. तिने वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. शांत, बंद खोलीत हेडफोनमधून एका वेळी एका कानाला एकच स्वर ऐकवून, तो किती हळू केला तरी ऐकू येतो, एवढेच ती मोजते. चाळीस मुलांच्या कलकलाटातून बाईंचे वाक्य वेगळे काढून त्याचा अर्थ लावणे हे पुढचे काम मेंदूचे आहे, आणि त्या कामात येणाऱ्या अडचणीला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर, म्हणजे श्रवणप्रक्रिया विकार म्हणतात.

ही अडचण पहिल्यांदा नीट मोजली गेली ती मुलांमध्ये नव्हे, तर मेंदूत गाठ असलेल्या प्रौढांमध्ये. १९५४-५५ च्या सुमारास इटलीत एत्तोरे बोक्का, कार्लो कालेआरो आणि त्यांचे सहकारी अशा रुग्णांना तपासत होते, ज्यांच्या मेंदूच्या कानशिलाकडील भागात गाठ होती, पण नेहमीच्या चाचणीत ज्यांचे कान व्यवस्थित ठरत होते. त्यांनी शब्द मुद्दाम बिघडवून, त्यातले उंच स्वर गाळून ऐकवले, तेव्हा गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने ऐकलेले शब्द ओळखताना हे रुग्ण अडखळू लागले. याचे कारण फार बोलके आहे. साध्या बोलण्यात अर्थ लागायला हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती असते, त्यामुळे शांततेत थोडा कमजोर मेंदूही वेळ निभावून नेतो. बोलणे अस्पष्ट झाले किंवा भोवती गोंगाट वाढला, की ही उसनी सोय संपते. या विषयातील पुढच्या बहुतेक चाचण्या याच तत्त्वावर बेतलेल्या आहेत, आणि घरी एकटे असताना सगळे समजणारे मूल वर्गात का हरवते, याचे उत्तरही त्यातच आहे.

मुलांकडे पाहण्याची सुरुवातही त्याच सुमारास झाली. बहिरेपणा, भाषेची अडचण, भावनिक कारण किंवा बौद्धिक मर्यादा यांपैकी नेमके कशामुळे मूल प्रतिसाद देत नाही, हे वेगवेगळे ओळखले पाहिजे, अशी मांडणी अमेरिकेत हेल्मर मायकलबस्ट यांनी १९५४ मध्ये केली. पुढे १९६१ मध्ये माँट्रियलमध्ये डोरीन किमुरा यांनी दोन्ही कानांना एकाच वेळी वेगवेगळे अंक ऐकवून उजव्या कानातले अंक जास्त अचूक सांगितले जातात हे दाखवले, तर १९६२ मध्ये जॅक कॅट्झ यांनी दोन जोडशब्द दोन कानांत अशा रीतीने ऐकवले, की पहिल्याचा उत्तरार्ध आणि दुसऱ्याचा पूर्वार्ध एकमेकांवर यावेत.

त्यानंतर, हा स्वतंत्र विकार मानायचा का, यावर वाद वाढला, आणि तो अजून मिटलेला नाही. अमेरिकेतील वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने १९९६ मध्ये या विकाराची व्याख्या केली आणि २००५ मध्ये ती अधिक सविस्तर मांडली. याउलट ब्रिटनमध्ये डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,५०० शाळकरी मुलांचा अभ्यास करून २०१० मध्ये असे मांडले, की मुलांच्या ऐकण्याच्या तक्रारींचा संबंध स्वर ओळखण्याच्या क्षमतेपेक्षा अवधान आणि आकलनाशी अधिक दिसतो. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-५ या वर्गीकरणात (२०१३) हा विकार स्वतंत्र म्हणून नाहीच. पालकांनी हा वाद माहीत करून घ्यावा, पण त्याच्या निकालाची वाट पाहू नये असे मला वाटते. गोंगाटात मुलाला समजत नाही, या वस्तुस्थितीबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद नाही.

भारतात वाणी व श्रवणशास्त्राचे शिक्षण १९६० च्या दशकात मुंबईचे नायर रुग्णालय आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाणी व श्रवण संस्था येथे सुरू झाले. १९८३ मध्ये मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाची, श्रवणदोषासाठीची राष्ट्रीय संस्था आली. चाचण्यांचा साचा मात्र इंग्रजी होता, आणि कॅट्झ यांचे इंग्रजी जोडशब्द कवठेमहांकाळच्या तिसरीतल्या मुलाला ऐकवून काही निष्पन्न होत नाही. शब्दांच्या याद्या आणि अपेक्षित गुण भाषेगणिक नव्याने ठरवावे लागतात. मराठी मुलाच्या अडचणी पाठ आणि पाट, ताप आणि टाप, खण आणि कण अशा जोड्यांत दिसतात, आणि त्या सर्वांत आधी सापडतात त्या श्रुतलेखनाच्या वहीत. शब्दांवर न विसंबणाऱ्या चाचण्याही आहेत: तीन स्वरांपैकी कोणते उंच आणि कोणते खालचे हे सांगायचे, सांगता येत नसेल तर गुणगुणून दाखवायचे. तरीही सात वर्षांच्या आधी निदान सहसा केले जात नाही, कारण श्रवणमार्ग तोवर पक्व झालेला नसतो आणि मुलागणिक निकाल फार बदलतात.

जत तालुक्यात आणखी एक सावधगिरी हवी. तिथल्या सीमेलगतच्या गावांत घरी कन्नड बोलणारी काही मुले मराठी माध्यमात शिकतात. त्यांचे न समजणे हे बऱ्याचदा केवळ भाषेच्या ओळखीचे असते, विकाराचे नव्हे. लहानपणी वारंवार कान फुटण्याचा इतिहासही विचारायला हवा, कारण मधल्या कानात दीर्घकाळ द्रव साचून राहिला असेल, तर त्या वर्षांत मुलाने बोलणे अस्पष्टच ऐकलेले असते.

कायद्याच्या चौकटीत हे मूल अधांतरीच राहिले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात चांगल्या कानाची हानी ६० डेसिबल किंवा अधिक हा निकष होता. २०१६ च्या कायद्यातही ऐकण्याचे अपंगत्व डेसिबलमध्येच मोजले जाते. त्याच कायद्यातील विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत बोललेली किंवा लिहिलेली भाषा समजून घेण्यातील दोष येतो, पण या विकाराचे नाव येत नाही. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. त्यामुळे वाचन-लेखनाचीही अडचण असेल, तर त्या दारातून जाता येते, एरवी नाही.

वर्गखोलीकडे लक्ष फार उशिरा गेले. शिक्षकांचा आवाज भोवतीच्या गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबलने वर असावा आणि रिकाम्या वर्गात ३५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा, अशी अमेरिकेतील शिफारस आहे. आपल्याकडे पत्र्याचे छप्पर, शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि एकाच खोलीत दोन इयत्ता. गळीत हंगामात वाळवा-पलूसकडच्या रस्त्यांवरून टेपवर गाणी लावून उसाचे ट्रॅक्टर जातात, तेव्हा बाईंच्या वाक्याचा शेवट कोणालाच ऐकू येत नाही. इतर मुले तो अंदाजाने भरून काढतात, या मुलाला ते जमत नाही. शिक्षकांनी गळ्यात माइक लावायचा आणि मुलाने कानाशी रिसीव्हर लावायचा, ही सोय परिणामकारक आहे, पण खर्चिक. पहिल्या बाकावर, खिडकी आणि दारापासून दूर जागा, एका वेळी एकच सूचना आणि गृहपाठ फळ्यावर लिहून देणे, याला पैसे लागत नाहीत. संगणकावरच्या खेळांनी विकार बरा होतो, या दाव्यांना मात्र भक्कम आधार मिळालेला नाही.

मुलाला हे सारे समजावून सांगावे, हा विचार यात सर्वांत अलीकडचा. अमेरिकी संघटनेच्या २००५ च्या मांडणीत परिसर सुधारणे आणि थेट सराव यांच्या जोडीने, आपण कुठे चुकतो हे मुलाने ओळखावे आणि त्यावर उपाय योजावा, हे तिसरे अंग म्हणून आले. "तुझे कान चांगले आहेत, पण गोंगाटात मेंदूला शब्द नीट वेगळे काढता येत नाहीत; यात तुझा आळस नाही" इतके साधे वाक्य सात-आठ वर्षांच्या मुलाला कळते. कठीण जाते ते पुढचे. आपल्या वर्गांत "बाई, परत सांगा ना" म्हणणे हा उद्धटपणा समजला जातो, म्हणून मुले न कळताच मान डोलावतात. "पान नंबर कळला, पण कोणते गणित ते कळले नाही" असा नेमका प्रश्न विचारायची सवय घरी लावता येते, आणि तो विचारल्यावर ओरडा बसणार नाही याची हमी शिक्षकांकडून आधी घेता येते. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत एकच बाई मुलाला ओळखून असतात. पाचवीला हायस्कूलमध्ये गेल्यावर विषयागणिक नवे सर येतात. म्हणून जूनमध्ये शाळा भरल्यावर पहिल्याच आठवड्यात पालकांनी प्रत्येक विषयशिक्षकाला अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी, आणि ती लिहिताना मुलाला शेजारी बसवून कोणत्या तासाला जास्त अडते हे त्याच्याकडूनच लिहून घ्यावे.