कमांड प्रॉम्प्टवरून संगणकाचा आयपी पत्ता पाहणे

जाळ्याला जोडलेल्या संगणकाला त्या घडीला कोणता आयपी पत्ता (जाळ्यावर त्याला ओळखण्याचा आकडा) मिळाला आहे, हे सेटिंगची पाने न धुंडाळता एक ओळ टंकून विचारण्याची पद्धत. विंडोजमध्ये त्यासाठी 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा आहे, लिनक्सवर 'आयपी ॲडर' (ip addr) आणि मॅकवर 'आयएफकॉन्फिग' (ifconfig). प्रिंटर छापत नाही, दोन संगणक एकमेकांना दिसत नाहीत, वाय-फायची खूण आहे पण पान उघडत नाही, अशा तक्रारींवर आलेला तंत्रज्ञ बहुधा इथूनच सुरुवात करतो. उत्तर क्षणात मिळते, पण ते नेमका कुठला पत्ता सांगते आहे हे कळले नाही तर त्याचा उपयोग होत नाही.

विंडोजची कळ धरून आर दाबावे, उघडलेल्या चौकटीत सीएमडी लिहून एंटर करावे आणि काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवर, आज्ञा द्यावी. येथे आज्ञा देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टंकताना त्या रोमन अक्षरांतच द्याव्या लागतात. गोव्यात हे मुद्दाम सांगायला हवे. मराठी-कोकणी पत्रव्यवहार चालणाऱ्या कचेरीत कळफलक देवनागरीवर राहून जातो आणि 'अशी आज्ञा ओळखत नाही' असे उत्तर येते. विंडोजच्या कळीसोबत स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

आयपीकॉन्फिगचे उत्तर पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो, कारण त्यात एक नव्हे, अनेक परिच्छेद असतात: केबलचा, वाय-फायचा, ब्लूटूथचा आणि असलेच तर आभासी यंत्रांचे. ज्यांपुढे 'मीडिया डिस्कनेक्टेड' लिहिले आहे ते सोडून द्यावेत. उरलेल्यांपैकी ज्याच्या 'डिफॉल्ट गेटवे'पुढे आकडा आहे तो आपला. घरात गेटवे म्हणजे बहुधा राउटर. त्याच परिच्छेदात 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीत १९२.१६८.१.७ असा चार भागांचा आकडा सापडतो. प्रत्येक भाग ० ते २५५ यांमधला असतो. आज्ञेपुढे '/ऑल' जोडले तर पत्ता वाटणारा डीएचसीपी सर्व्हर, पत्त्याची मुदत आणि जाळेपत्रिकेचा (नेटवर्क कार्डाचा) ४८ बिटांचा भौतिक म्हणजे मॅक पत्ताही दिसतो; या मॅकचा मॅक संगणकाशी संबंध नाही.

आयएफकॉन्फिग ही यांतली जुनी आज्ञा. ती १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीतून आली. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये 'विनआयपीसीएफजी' नावाची छोटी खिडकी असे. लिनक्सवर आता आयएफकॉन्फिग मागे पडली असून काही वितरणांत ती आधीपासून बसवलेलीही नसते. नुसता आकडा हवा असेल तर तेथे 'होस्टनेम -आय' (hostname -I) पुरते, मात्र त्यातला आय मोठ्या लिपीतला हवा.

आता मूळ गुंता. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जगाला ते पुरेनासे झाले; मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्याआधीच, १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने तीन मालिका खासगी वापरासाठी राखल्या होत्या: १० ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१ ही आणि १९२.१६८ ही. त्या कोणीही आपल्या घरात वापराव्यात, बाहेर त्यांना अर्थ नाही. गोव्यातला घर क्रमांक असाच असतो. 'घर क्रमांक १९२' म्हटले तर वाड्यावर सगळ्यांना कळते. पण राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि तोच क्रमांक इतर कितीतरी गावांत सापडेल. गावाचे नाव आणि ४०३ ने सुरू होणारा पिनकोड जोडल्याशिवाय मुंबईहून टाकलेले पत्र पोचत नाही. आयपीकॉन्फिग दाखवते तो बहुतेक वेळा हा वाड्यापुरता क्रमांक.

तो कायमचाही नसतो. राउटर पत्ता मुदतीने देतो. चवथीला घर भरले, प्रत्येकाचा फोन वाय-फायला लागला आणि मधे वीज जाऊन आली, की काल .५ वर असलेला प्रिंटर आज .९ वर जाऊ शकतो. संगणक मात्र जुन्या दारावर थाप मारत बसतो. यावर उपाय म्हणजे प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवणे. संगणकाला नवा पत्ता मागायचा असेल तर आधी 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि मग 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' द्यावे.

१६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर पुढचे काही तपासण्याआधी केबल आणि राउटर पाहावा. पत्ता वाटणाऱ्याकडून उत्तर न आल्याने संगणकाने तो स्वतःच घेतलेला असतो. पावसाळ्यात गडगडाटानंतर राउटर बंद पडला असेल तर बऱ्याचदा हेच दिसते. १२७.०.०.१ हा मात्र बिघाड नव्हे. तो प्रत्येक संगणकाचा स्वतःपुरता पत्ता.

बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता आयपीकॉन्फिगला सहसा ठाऊक नसतो, कारण खासगी पत्त्याच्या जागी सार्वजनिक पत्ता घालण्याची अदलाबदल राउटरवर होते. तो पाहायला बाहेरच्या कोणाला तरी विचारावे लागते: 'कर्ल आयएफकॉन्फिग.मी' (curl ifconfig.me). कर्ल ही संकेतस्थळाकडून उत्तर आणणारी आज्ञा २०१८ पासून विंडोज १० मध्येही अंगभूत आहे. हा आकडा राउटरच्या पानावरील बाहेरच्या बाजूच्या पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील आणि राउटरचा १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीनेच अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे. मुलेमाणसे परदेशी आणि गावचे घर बंद, अशा कुटुंबांना हे फार जाचते: राउटरमध्ये वाट उघडून कॅमेरा फोनवर पाहण्याची जुनी रीत तिथे चालत नाही. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा, नाहीतर क्लाउडवरून दिसणारा कॅमेरा बसवावा.

आयपीकॉन्फिगच्या उत्तरात 'आयपीव्ही६', म्हणजे आयपीच्या नव्या आवृत्तीची, अशीही एक लांबलचक ओळ असते. तो पत्ता १२८ बिटांचा. एफई८० ने सुरू होत असेल तर तोही त्या जाळ्यापुरताच. २ किंवा ३ ने सुरू होणारा मात्र खरोखरच जगभरचा. 'टेम्पररी' लिहिलेला पत्ता विंडोज ओळख लपवण्यासाठी अधूनमधून आपणहून बदलत असते. रोज वेगळा दिसतो म्हणून राउटर बदलायला निघू नये.