पॉलिमरच्या पडद्यात प्रोटीन टिकतं कसं?

आमच्या वाघोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर उन्हाळा आला की टँकर, टीडीएस आणि फिल्टर एवढंच चालतं, आणि यंदा कुणीतरी 'एनर्जाइज्ड वॉटर'ची जाहिरात टाकली (असलं काही नसतं, पैसे वाचवा). पाणी गाळण्यातली खरी भारी गोष्ट आपल्या किडनीत आहे, अ‍ॅक्वापोरिन नावाचं प्रोटीन. पीटर अ‍ॅग्रेंना त्यासाठी २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. याच्या एका चॅनलमधून (म्हणजे आरपार बोगद्यातून) सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात, मीठ मात्र अडतं. हा काही पंप नाही हां, प्रेशर आपणच द्यायचं.

मग हे फिल्टरमध्ये बसवू म्हटलं तर पेशीचा लिपिडचा, म्हणजे चरबीसारख्या रेणूंचा, पडदा फारच नाजूक, म्हणून पॉलिमरचा (लांब साखळीसारख्या रेणूंचा) करायचा: प्रत्येक साखळीच्या दोन्ही टोकांना पाणी आवडणारा तुकडा, मधे पाणी नको असणारा सिलिकॉन म्हणजे पीडीएमएस. पण लिपिडचा मधला तेलकट थर जेमतेम ३ नॅनोमीटर, प्रोटीनचा तेलकट पट्टाही तेवढाच, आणि पॉलिमरचा हा थर १० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे प्रोटीन आत पार बुडायला हवं, चॅनलची तोंडं बंद!

तसं होत नाही. २००० साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या वोल्फगांग मायर यांच्या ग्रुपने बॅक्टेरियाचं पोरिन (हेही चॅनलवालं प्रोटीन) अशा पडद्यात बसवलं, वर पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडून पडदा पक्का केला, तरी चॅनल चालूच. कारण जाडी नाही, लवचिकपणा. पीडीएमएस काचेसारखं कडक व्हायला उणे १२० अंशांच्या खाली जावं लागतं, त्यामुळे नेहमीच्या तापमानाला त्याच्या साखळ्या सतत वळवळत असतात आणि प्रोटीनभोवती दबतात, मऊ गादीवर बसल्यावर गादी दबते तशा. शिवाय सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात, आखूडवाल्या प्रोटीनजवळ गोळा होतात असं गणित सांगतं, म्हणजे एरवी जिला भेसळ म्हणू तीच इथे कामाला येते. पॉलिस्टायरीनसारखं कडक काही घेतलं तर हे जमणं अवघड.

बसवायचं डिटर्जंटने: त्यात प्रोटीन विरघळवायचं, पॉलिमर मिसळायचं आणि डिटर्जंट हळूहळू काढून घ्यायचं. मात्र प्रोटीन सुलटं बसेल की उलटं, हे आपल्या हातात फारसं नसतं. अ‍ॅक्वापोरिनला फरक पडत नाही, पाणी दोन्हीकडून जातं. प्रोटॉन पंप (प्रोटॉन एकाच दिशेला ढकलणारं प्रोटीन) बसवायचा असेल तर मात्र निम्मे आत ढकलणार, निम्मे बाहेर, आणि हिशोब शून्य.