खिडक्यांची बाह्य सांधभरणी

खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली बाहेरच्या बाजूची फट लवचीक पदार्थाने बंद करण्याच्या कामाला बाह्य सांधभरणी म्हणतात. मुंबई-ठाण्यापासून खाली कोकणपट्टीपर्यंत कारागीर आणि रहिवासी दोघेही याला सरळ ‘सिलिकॉन मारणे’ म्हणतात. जुना थर कडक होऊन सुटला, की तो खरवडून नवा भरावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर शहरी घरांत निघणाऱ्या दुरुस्त्यांमध्ये हे काम सगळ्यांत स्वस्त असते, आणि सगळ्यांत निष्काळजीपणे केले जाते तेही हेच.

जुन्या कोकणी घरांना याची गरज फारशी पडत नसे. पुढे आलेले छप्पर आणि पडवी यांमुळे झड खिडकीपर्यंत पोचतच नसे. सपाट दर्शनी भिंती, अरुंद छज्जे आणि अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या तेव्हा पाणी अडवायचा सगळा भार काही मिलिमीटरच्या सांध्यावर आला. मुंबईत वर्षाला सरासरी 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. तो नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो, म्हणून एकाच इमारतीत पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या खिडक्या आधी गळतात.

सांधा उघडतो तो मुख्यतः उन्हामुळे. अॅल्युमिनियम तापल्यावर काँक्रीटच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. दीड मीटर लांबीची चौकट 30 अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे एक मिलिमीटर वाढते, शेजारची भिंत मात्र त्याच्या निम्म्यानेच. रोज दुपारी आणि रोज रात्री हा फरक भरलेल्या पदार्थाला सोसावा लागतो. पांढरे सिमेंट किंवा इपॉक्सी पुटी इथे टिकत नाही, ती याच कारणाने. ती कडक असते, त्यामुळे कडेने केसाएवढी भेग पडते आणि एवढी भेग पाण्याला पुरते. तरीही गवंड्याच्या हाताशी पांढरे सिमेंट असते म्हणून तेच फटीत भरले जाते. ही सवय मोडायला हवी. सागवानी खिडक्यांच्या काचांना लावायची चॉक पावडर आणि जवसाच्या तेलाची लांबी (पुटी) सुद्धा काही वर्षांनी अशीच तडकते.

काम काढण्यापूर्वी पाणी नेमके कुठून येते ते पाहणे आवश्यक आहे. अनेक इमारतींत खिडकीला ग्रॅनाइट किंवा संगमरवराची दगडी चौकट असते. तिथे सांधे दोन असतात: एक अॅल्युमिनियम आणि दगड यांच्यामधला, दुसरा दगड आणि गिलावा यांच्यामधला. गळती पुष्कळदा दुसऱ्यातून होते, आणि सिलिकॉन पहिल्यालाच मारले जाते. बाहेरून पाइपने पाणी मारून पाहिले तर उलगडा होतो. सुरुवात खालच्या कडेपासून करून हळूहळू वर जायचे, म्हणजे कोणत्या टप्प्यावर आत ओल दिसली ते कळते. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने लहान भोके असतात. ट्रॅकमध्ये साचलेले पाणी त्यांतून बाहेर पडते. धूळ आणि रंगाने ती बुजली की पाणी घरात उलटते. अशा वेळी एखादी तार फिरवणे पुरते. पण घाईत त्याच भोकांवर सिलिकॉन मारले जाते आणि गळती वाढते.

बाजारात सिलिकॉनचे दोन मुख्य प्रकार मिळतात. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारा प्रकार सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतो. काच आणि टाइलवर तो चांगला बसतो, पण सिमेंट आणि संगमरवराशी त्याचे जमत नाही. संगमरवरावर डाग पडतात आणि सिमेंटवरची पकड सुटते. बाहेरच्या खिडकीला न्यूट्रल, म्हणजे असे आम्ल न सोडणारा, प्रकार घ्यावा, जो ‘वेदर सिलिकॉन’ या नावाने विकला जातो. तो ऊन आणि पाऊस उत्तम सोसतो, मात्र त्यावर रंग बसत नाही. ज्या सांध्यावर भिंतीचा रंग चढवायचा आहे, तिथे पॉलियुरेथेनचे सीलंट (फट बंद करणारा लवचीक पदार्थ) बरे. सिमेंटला ते घट्ट धरते. उघडे राहिले तर उन्हाने पिवळे पडते, रंगाखाली टिकते. अॅक्रिलिक सीलंट सर्वांत स्वस्त आणि हाताळायला सोपे आहे, पण ते सुकताना आकसते. आतल्या बाजूच्या बारीक भेगांसाठी ते ठीक. पश्चिमेच्या झडीसमोर ते लावू नये.

फट रुंद आणि खोल असेल तर आधी तिच्यात पॉलिथिलीन फोमची गोल दोरी दाबून बसवतात. तिला ‘बॅकर रॉड’ म्हणतात आणि ती फटीपेक्षा जरा जाड घेतात. तिच्यामुळे सीलंट फक्त दोन कडांना चिकटते, तळाला नाही, आणि त्यामुळे त्याला ताणायला वाव मिळतो. भरावाची खोली रुंदीच्या निम्मी असावी असा साधारण नियम आहे.

एका ट्यूबमध्ये 280 ते 300 मिलिलिटर माल असतो. चार फूट बाय चार फूट खिडकीचा घेर 16 फूट, म्हणजे जवळपास 4.9 मीटर. 10 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर खोल भरावाला सुमारे 245 मिलिलिटर लागतात, म्हणजे खिडकीच्या एका सांध्याला जवळपास एक ट्यूब. दोरी न बसवता हीच फट 20 मिलिमीटर खोलीपर्यंत भरली तर एक लिटरच्या आसपास माल जातो. तेवढे पैसे घालूनही सांधा लवकर फाटतो.

साध्या सिलिकॉनच्या ट्यूबला गेल्या काही वर्षांत साधारण ₹150 ते 250 पडतात, चांगल्या न्यूट्रल प्रकाराला ₹300 ते 450. सहा खिडक्यांच्या घराला, प्रत्येकीला दोन सांधे धरले, तर बारा-तेरा ट्यूब लागतील. ट्यूब दाबायची गन, मास्किंग टेप, कटर आणि पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल धरून साहित्य पाच-सहा हजारांत बसते. स्वस्त ट्यूबमुळे वाचणारे हजार-दोन हजार रुपये वाचवण्यासारखे नाहीत, कारण मजुरी दोन्हींना तेवढीच लागते.

त्या मजुरीचा मोठा भाग भरण्यावर नव्हे, काढण्यावर खर्च व्हायला हवा. जुन्या सिलिकॉनच्या चिकट पापुद्र्यावर नवा थर नीट धरत नाही, म्हणून कटरने दोन्ही कडा कापून, खरवडून, पुसून पृष्ठभाग कोरडा करावा लागतो. हे काम एप्रिल-मेमध्ये सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर करावे. सिलिकॉन हवेतल्या दमटपणामुळेच घट्ट होते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने. पण ओल्या भिंतीला ते चिकटत नाही. भर पावसात केलेली भरणी तात्पुरती समजावी.

तळमजल्यावर शिडी पुरते. वरच्या मजल्यांवर परांची, झुला किंवा दोरावरून उतरणारा कारागीर लागतो, आणि तिथे हा खर्च साहित्याला सहज मागे टाकतो. म्हणून संपूर्ण इमारतीच्या रंगकामासाठी परांची बांधलेली असतानाच सगळ्यांच्या खिडक्या भरून घेणे सर्वांत किफायतीचे. छज्ज्यावर माणसाला पट्ट्याशिवाय उभे करून पैसे वाचवण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. सुरक्षापट्टा आणि स्वतंत्र जीवनदोर हा खर्चाच्या अंदाजातला पहिला आकडा असला पाहिजे.

खर्च कोणी करायचा यावरून सोसायट्यांत वाद होतात. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करावी असे आहे. सभासदाने स्वतः बदललेली खिडकी असेल तर मात्र मतभेद होतात. नव्या इमारतीत 2016 च्या स्थावर संपदा कायद्याचे (रेरा) कलम 14 उपयोगी पडते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष कळवला, तर विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. खिडकीभोवतीची गळती कारागिरीच्या दोषात मोडत असेल, तर सिलिकॉनवाल्याला बोलावण्याआधी ओलीची छायाचित्रे तारखेसह काढून विकासकाला लेखी कळवावे. एकदा भरणी झाली की मूळ दोष दाखवणे अवघड जाते.