पेज-आकाराच्या काउंटरांचे नामकरण (व्हर्च्युअलायझेशन)

व्हर्च्युअल मशीनला (गेस्टला) दिलेली मेमरी होस्टवर, म्हणजे ते चालवणाऱ्या खऱ्या संगणकावर, किती मोठ्या पेजमधून (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांतून) जोडली आहे, हे हायपरव्हायझरच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, काउंटरांवरून कळते. प्रोसेसर कोणताही असला तरी या काउंटरांची नावे एकाच रीतीने ठेवावीत, असा हा संकेत.

हे आकडे प्रामुख्याने वेगासाठी पाहतात. गेस्टच्या मेमरी-पत्त्याचे खऱ्या पत्त्यात रूपांतर दोन टप्प्यांत होते: आधी गेस्टच्या, मग होस्टच्या पेज टेबलांतून (पत्ते जुळवणाऱ्या तक्त्यांतून). पत्ता टीएलबीत (झालेली रूपांतरे साठवणाऱ्या प्रोसेसरमधल्या जागेत) सापडला नाही आणि दोन्हीकडची पेज टेबले चार स्तरांची असली, तर एका पत्त्यापायी मेमरी २४ वेळा वाचावी लागू शकते. होस्टने ४ केबीऐवजी २ एमबीची पेजेस वापरली की हा आकडा १९ वर येतो. लाइव्ह मायग्रेशनमध्ये (चालू गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवताना) मात्र कोणती पेजेस बदलली हे टिपण्यासाठी मोठी पेजेस फोडतात. २ एमबीचे एक पेज म्हणजे ४ केबीची ५१२. गेस्ट अचानक मंदावला की ही फोड काउंटरमध्ये लगेच दिसली पाहिजे.

लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायझरमध्ये एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरांवर पूर्वी ‘एलपेजेस’ हा एकच काउंटर होता. त्यात २ एमबी आणि १ जीबीची पेजेस एकत्र मोजली जात. १०० हा आकडा २०० एमबीचा की १०० जीबीचा, हे त्यातून कळत नसे. २०२१ मध्ये त्याच्या जागी ‘पेजेस_४के’, ‘पेजेस_२एम’ आणि ‘पेजेस_१जी’ आले. पॉवर प्रोसेसरच्या केव्हीएममध्ये याच मोजमापाला ‘नम_२एम_पेजेस’ असे नाव आहे. मोजायचे तेच, पण देखरेखीच्या साधनाला दोन नावे लक्षात ठेवावी लागतात.

पेज टेबलच्या स्तरावरून नाव देणे वरवर सोपे वाटते, पण एआरएम प्रोसेसरांवर ते फसते. तिथे मूळ पेज ४, १६ किंवा ६४ केबीचे असू शकते आणि त्याच्या वरच्या स्तरावरील ब्लॉक (मोठे पेज) त्यानुसार २, ३२ किंवा ५१२ एमबीचा होतो. आयबीएमच्या मेनफ्रेममधल्या एस३९० वर मोठी पेजेस १ एमबी आणि २ जीबीची. म्हणून आकार नावातच असावा, हेच योग्य. लिनक्समध्ये ह्यूज पेजच्या (मोठ्या पेजच्या) डिरेक्टरींची नावे आधीपासून अशीच आहेत: ‘ह्यूजपेजेस-२०४८केबी’.

या पद्धतीत प्रत्येक प्रोसेसर-रचनेची काउंटरांची यादी वेगळी राहते. लिनक्स ५.१४ पासून केव्हीएम प्रत्येक काउंटरचे नाव, प्रकार आणि एकक स्वतःच पुरवते, त्यामुळे साधनांना ती यादी चालू असताना वाचता येते. प्रोसेसरला न चालणारा आकार शून्य दाखवण्यापेक्षा यादीतून वगळलेला बरा. शून्याचा अर्थ ‘आकार चालतो, पण सध्या तसे एकही पेज नाही’ एवढाच उरतो.