बुश यांनी बंदी घातली होती? नाही, पैसा अडवला होता

‘अमेरिकेत बुश यांनी भ्रूणाच्या स्टेम सेल (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) संशोधनावर बंदी घातली आणि ओबामांनी ती उठवली’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. बंदी कधी नव्हतीच. अडवला होता तो केंद्र सरकारचा पैसा, आणि तोही अर्धवट. उलट ९ ऑगस्ट २००१ला बुश यांनी या कामाला पहिल्यांदाच केंद्रीय निधी मोकळा केला. मुख्य अट ही: त्या दिवसाआधी तयार झालेल्या पेशी-वंशांवरच (एका भ्रूणातून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींवरच) तो खर्च करायचा. गंमत म्हणजे त्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात वंशही होते! यादी साठाच्या वर, हाती लागले जेमतेम वीस-बावीस.

खासगी पैशाला मात्र आडकाठी नव्हती. कॅलिफोर्नियाने तर २००४मध्ये मतदान घेऊन तीन अब्ज डॉलर मंजूर केले. जाच झाला तो प्रयोगशाळांना. सरकारी पैशातून घेतलेला सूक्ष्मदर्शक नव्या वंशांसाठी वापरायचा नाही, म्हणून फ्रीझरपासून सगळं दुबार घ्या.

ओबामांनी २००९मध्ये तारखेची अट काढली. पण भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला, म्हणजे नवे वंश तयार करायलाही, केंद्राचा पैसा नाकारणारी तरतूद १९९६ची, क्लिंटन यांच्या सहीची. ती ओबामांच्या काळातही दरवर्षी मंजूर होतच राहिली.