पार्श्वभूमी : पडद्यावरची देवनागरी आणि शिवोलीचा ‘ल’

गोव्यातल्या सेवांची मराठी पाने मोबाइलवर उघडली की दोन गोष्टी वारंवार खटकतात. गावांच्या यादीत ‘शिवोली’ उत्तरेच्या वळणाने येते, म्हणजे श शेंडीफोड्या आणि ल दंडाचा, उजवीकडे उभी रेघ असलेला. आणि ‘पुनर्नोंदणी’ लिहिलेल्या बटणावर रफार आणि अनुस्वार वरून छाटले गेलेले असतात. डिझायनरने फॉन्ट चुकीचा निवडला, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. पडद्यावरच्या मराठीची उंची रोमनच्या मापाने ठरली आणि वळण हिंदीच्या. ते कसे ठरले हे ध्यानात घेतल्याशिवाय इंटरफेससाठी, म्हणजे पडद्यावरच्या बटणा-याद्यांसाठी, अक्षर निवडायला बसणे म्हणजे अर्धेच काम.

हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, पण नागरी खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षर-ठसे, कुणी पाडलेले नव्हते. म्हणून १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापलेले मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रोमन लिपीतून निघाले. नागरी खिळ्यांतले मराठी व्याकरण १८०५ साली थेट बंगालातल्या श्रीरामपुरात छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ओतशाळांनी घडवलेले ठसे ‘मुंबई वळण’ म्हणून रुळले, उत्तरेत ‘कलकत्ता वळण’ चालत राहिले. दोहोंतला फरक मुख्यतः अ, झ, ण, ल, श या अक्षरांत आणि काही अंकांत होता.

वादाची गाठ इथे बसली. स्वातंत्र्यानंतर देवनागरीच्या प्रमाणीकरणाला जोर आला. १९५३ ची लखनौची परिषद आणि १९६० च्या दशकातली मानक वर्णमाला यांच्या दरम्यान बरीच देवाणघेवाण झाली. अ, झ, ण यांची मुंबईची रूपे हिंदीने स्वीकारली. ल आणि श यांची उत्तरेची रूपे प्रमाण ठरली. पाचांतली तीन आपली राहिली, मग तक्रार कसली, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण अक्षरांची मोजदाद अशी डोकी मोजून होत नाही. मराठीचा भूतकाळ ‘ल’वर उभा आहे. अर्ज स्वीकारला, रक्कम भरली, शुल्क मिळाले, सत्र संपले, नोंद झाली: इंटरफेसच्या संदेशांत जिथे काम पुरे झाल्याचे सांगायचे तिथे ल आहेच. ‘शोधा’, ‘शहर’, ‘शुल्क’, ‘शेवटची तारीख’ यांत श आहे. झ नसलेला पडदा सहज सापडेल, ल नसलेला मराठी पडदा दाखवणे कठीण.

दंडाच्या ल मागे एक व्यावहारिक युक्तिवाद होता आणि तो खोटा नव्हता. अक्षराला उजवीकडे दंड असेल तर तो काढला की अर्धे अक्षर तयार होते. खिळे कमी लागतात, टंकयंत्राच्या मोजक्या कळांत लिपी बसते. पाकळीच्या ल ला, म्हणजे मराठी वळणाच्या दंड नसलेल्या ल ला, ही सोय नाही. टंकयंत्राच्या दिवसांत याला उत्तर देणे अवघड होते. आज एका फॉन्टात हजारो रूपे मावतात, तरी जुन्या यंत्राची अडचण अक्षराच्या अंगावर राहून गेली आहे. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांतही काही काळ उत्तरेची रूपे आली. अखेर ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने तिथे मराठी वळणाचे ल आणि श पुन्हा अधिकृत झाले. हा निर्णय योग्य होता, फक्त फार उशिरा आला. तोवर पडद्यावरचे कित्येक फॉन्ट तयार होऊन बसले होते.

गोव्याला तो निर्णय लागू नव्हता. इथे १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठी वापरण्याची तरतूद राहिली. अक्षर कुठल्या वळणाचे असावे हा त्या कायद्याचा विषय नव्हता. त्यामुळे वळण ठरवले ते छापखाने, दैनिके आणि पाट्या रंगवणारे यांनी, आणि पुढे सॉफ्टवेअरने.

नव्वदच्या दशकात पणजी, म्हापसा, मडगावच्या डीटीपी केंद्रांत, म्हणजे छपाईची पाने संगणकावर मांडणाऱ्या दुकानांत, जे फॉन्ट चालत त्यांत मराठी वळण सहज मिळे. पण त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. डोळ्याला शिवोली दिसे, संगणकाला मात्र रोमन चिन्हांची रांग. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती रांगच दिसायची. शोध चालत नसे, यादी अकारविल्हे लागत नसे. वृत्तपत्रांनी संकेतस्थळे काढली तेव्हा पानाबरोबर उतरणारे फॉन्ट वापरले. त्यांतले बरेच एकाच ब्राउझरात नीट चालत, आणि मथळे तर सर्रास चित्रे म्हणून टाकले जात. त्या काळी इंटरफेसमधली मराठी म्हणजे कापून चिकटवलेली मराठी होती. दिसायला सुबक, पण तिच्यातून काही शोधता येत नव्हते, आणि अंध व्यक्तीच्या वाचकयंत्रासाठी तर पान कोरेच.

प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला आणि सामान्य संगणकावर खरी देवनागरी उमटू लागली. फोनवर अक्षरांऐवजी डबे दिसण्याचे बंद व्हायला २०१० नंतरची काही वर्षे लागली. युनिकोडने ल ला एकच संकेत दिला, वळण कोणते ते फॉन्टावर सोपवले. ही रचना बरोबरच आहे, कारण पाकळीचा आणि दंडाचा ल ही एकाच अक्षराची दोन रूपे. पण बहुतेक फॉन्टकारांनी मूळ जागेवर हिंदीचे रूप ठेवले आणि मराठीचे रूप आत कप्प्यात घातले. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची खूण, म्हणजे ‘एमआर’ हा टॅग, असेल तर ओपनटाइप या फॉन्ट-प्रकाराची यंत्रणा कप्प्यातले रूप बाहेर काढते. टॅग विसरला, किंवा मुळात इंग्रजीत बांधलेल्या पानाचा टॅग तसाच राहिला, तर शिवोली उत्तरेची होते.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. कोकणी पानाचा टॅग वेगळा, ‘केओके’. फॉन्ट ज्या भाषा ओळखतो त्यांच्यासाठीच रूप बदलतो. त्याला मराठी माहीत असली आणि कोकणी माहीत नसली, तर एकाच संकेतस्थळाच्या मराठी पानावर शिवोली एका वळणाची आणि कोकणी पानावर दुसऱ्या, असे होऊ शकते. म्हणून गोव्यासाठी फॉन्ट निवडताना ज्याच्या मूळ जागेवरच मराठी वळण आहे असा घ्यावा, किंवा दोन्ही टॅग लावून हे एकच गावाचे नाव तपासून पाहावे. नमुन्याला ‘कखग’ टंकून फॉन्ट पसंत करण्याची रीत इथे कुचकामी आहे.

दुसरी परीक्षा दर्याची. ‘दर्यात जाऊ नका’ आणि ‘दऱ्यांत जाऊ नका’ यांत जमीन-पाण्याचे अंतर आहे, आणि ते पेलते एक छोटे चंद्रकोरीसारखे अर्धे अक्षर. हवामानाच्या इशाऱ्यात ‘वाऱ्याचा वेग’, ‘किनाऱ्यावर’ हे शब्द रोजचेच. युनिकोडात हे रूप दोन प्रकारे लिहिता येते: द्राविडी भाषांतल्या ‘र’साठी ठेवलेल्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि वर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखी. शोधाच्या चौकटीला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि एका कीबोर्डने टंकलेले दुसऱ्याने शोधले तर सापडत नाही. फॉन्टाने हे रूप रेखलेच नसेल, तर वाऱ्याचा रफार होतो किंवा पाय मोडलेला र उघडा पडतो.

उंचीचा प्रश्न त्यामानाने कमी भांडणाचा आणि जास्त दुर्लक्षित. पडद्यावरची बटणे, रकाने, याद्या रोमनच्या मापाने आखल्या गेल्या. रोमनमध्ये अक्षराच्या वर-खाली थोडी जागा पुरते. ‘पुनर्नोंदणी’त पु च्या खाली उकार, आणि र्नों च्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार एकमेकांना खेटून. यावर तोडगा म्हणून इंटरफेससाठी देवनागरीच्या आखूड आवृत्त्याही काढल्या गेल्या. मात्रा दाबल्या, उकार वर ओढला, म्हणजे आखलेल्या चौकटीला धक्का लागू नये. चौकट वाढवायची सोडून लिपी चेपली गेली. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट किंवा अधिक ठेवली आणि बटणाला ठरावीक उंचीऐवजी मजकूर आणि कडा यांतले अंतर दिले, तर असे काही करावे लागत नाही.

इंग्रजी मांडणीतून आलेल्या आणखी दोन सवयी इथे चालत नाहीत. मथळा उठावदार करायला अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेघ तुटते. मोठ्या लिपीतली (कॅपिटल अक्षरांची) बटणे देवनागरीत नसतातच, त्यामुळे दर्जा दाखवायचा तो आकार आणि जाडीने. जाडीही बेताने वाढवावी. बारा पिक्सेलच्या ठळक अक्षरात ‘रद्द करा’ मधला द्द काळा ठिपका होतो आणि घ-ध, भ-म ओळखेनासे होतात. सुगम्यतेच्या जागतिक निकषांत अक्षरांतले अंतर वाढवले तरी मजकूर टिकावा अशी अट २०१८ पासून आहे, पण ज्या लिपीत ते अंतर वापरलेच जात नाही तिला त्यातून सूटही दिलेली आहे. ही सूट फार थोड्यांना ठाऊक असते.

सॉफ्टवेअरची भाषा मराठी ठेवली की त्याने घडवलेले अंकही बदलतात, आणि तिथे नवे काम निघते. सॉफ्टवेअर ज्या भाषा-माहितीवर चालते तिच्यात मराठीसाठी देवनागरी अंक मूळ मानले आहेत, हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय. त्यामुळे वीजबिलाच्या पानावर तारीख ‘१५’ आणि मीटरचा आकडा आंतरराष्ट्रीय अंकांत, असा मिलाफ होतो, कारण पहिली सॉफ्टवेअरने घडवलेली आणि दुसरा डेटाबेसमधून जसाच्या तसा आलेला. कोणते अंक ठेवायचे हे एकदा ठरवून सगळीकडे तेच लावावे लागते. देवनागरी ठेवले तर फॉन्टात समान रुंदीचे देवनागरी अंक आहेत का ते पाहावे, कारण कित्येक फॉन्टांत ती सोय फक्त आंतरराष्ट्रीय अंकांना असते आणि रकमांचा रकाना वाकडातिकडा उतरतो.