फोर्ड एफ-१५० मधला तो १५० आला कुठून?

आपल्याकडे पिकअप म्हटलं की डोळ्यासमोर येते ती भाजी मार्केटची बोलेरो, हौद्यात कांद्याच्या गोण्या आणि फाळक्यावर लटकलेली दोन पोरं. अमेरिकेत हाच शब्द उच्चारला की बहुतेकांना आठवते फोर्डची एफ सिरीज, १९७७ पासून तिथली सगळ्यात जास्त खपणारी पिकअप. पण त्या गाडीवर जो १५० आकडा असतो ना, तो हॉर्सपॉवर नाही, सीसी नाही, मग काय? त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

सुरुवातीला तयार पिकअप मिळतच नव्हती. शेतकरी मॉडेल टी घ्यायचा, मागचा भाग काढायचा आणि गावच्या सुताराकडून लाकडी खोका ठोकून घ्यायचा, झाली पिकअप! फोर्डने १९१७ मध्ये एक टनी मॉडेल टीटी काढली पण तीसुद्धा नुसती चासी, बॉडी तुमची तुम्ही बघा. कारखान्यातूनच हौदा लावून आलेली मॉडेल टी मिळायला १९२५ उजाडलं, किंमत २८१ डॉलर.

दुसरं महायुद्ध संपल्यावर सगळ्यांनाच नव्या गाड्या हव्या होत्या, आणि १९४८ च्या मॉडेलपासून फोर्डने कारच्या चासीवर जुगाड करायचं सोडून ट्रकसाठी वेगळी चासीच बनवली. ती पहिली एफ सिरीज. एफ-१ म्हणजे अर्धा टनी, साधारण अर्धा टन माल नेणारी, आणि तिथून वाढत वाढत एफ-८ पर्यंत मोठे ट्रक, सोपा हिशोब. जाहिरातीत काय तर 'मिलियन डॉलर कॅब', आणि गंमत म्हणजे त्या मिलियन डॉलरवाल्या कॅबमध्ये डाव्या बाजूचा, म्हणजे ड्रायव्हरचा वायपर मिळायचा, शेजारच्याला हवा असेल तर वेगळे पैसे. उजवीकडचा टेललाइटसुद्धा एक्स्ट्रा!

१९५३ ला एफ-१ ची झाली एफ-१००, एफ-२ आणि एफ-३ मिळून एफ-२५०, एफ-४ ची एफ-३५०. १९६१ मध्ये एक भलताच प्रयोग केला, कॅब आणि हौदा एकाच पत्र्यात जोडून टाकला, दिसायला एकदम झकास. पण हौद्यात दाबून माल भरला की बॉडी पिळायची आणि दारं अडकायची असं जुने लोक सांगतात, दोन-तीन वर्षांत गुंडाळलं ते प्रकरण.

आता कोंबडीची गोष्ट. हो, कोंबडीच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्त अमेरिकन कोंबडी युरोपात इतकी जायला लागली की फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने तिच्यावर जकात लावली, मग अमेरिकेनेही हिशोब चुकता केला आणि बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि बाहेरून येणारे हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के जकात बसवली, १९६४ पासून लागू. नेम होता जर्मनीच्या फोक्सवॅगनवर. पुढे बाकीच्या वस्तूंवरची जकात गेली, ट्रकवरची राहिली, आणि त्याच भिंतीआड डेट्रॉइटचा, म्हणजे अमेरिकन गाडी कंपन्यांचा, पिकअपचा धंदा निवांत वाढला. माझ्या मते एफ सिरीजच्या यशात इंजिनाइतकाच हात या कोंबडीचा आहे. आणि कमाल बघा, पुढे फोर्डनेच तुर्कीहून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन आणताना ही जकात चुकवायला मागे सीटा लावून ती प्रवासी गाडी दाखवली आणि बंदरात उतरल्यावर सीटा काढून टाकल्या, त्या भानगडीत २०२४ मध्ये ३६५ मिलियन डॉलर भरायचं कबूल करावं लागलं.

तर १५०. सत्तरच्या दशकात प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि १९७५ पासून हलक्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या पाइपात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, यायला लागला, त्याला बिनशिशाचं पेट्रोल लागतं आणि ते महाग. पण नियमात मेख होती, मालासकट एकूण वजन ६,००० पौंडांच्या वर धरलेली गाडी असेल तर ही भानगड नाही. झालं! फोर्डने एफ-१०० पेक्षा थोडी दणकट, त्या रेषेच्या जरा वर बसणारी गाडी काढली, आणि १०० आणि २५० च्या मधला आकडा म्हणून नाव दिलं एफ-१५०. शिशाचं स्वस्त पेट्रोल टाका आणि चला, शेतकऱ्याला अजून काय पाहिजे.

१९७९ मध्ये ती मर्यादा ८,५०० पौंडांवर नेली आणि पळवाट बुजली, पण तोवर नाव लोकांच्या तोंडात बसलं होतं, उलट मूळची एफ-१००च १९८३ नंतर अमेरिकेत बंद पडली.

नंतरचं बहुतेकांना माहितीच आहे, जड कामाच्या मोठ्या गाड्यांची सुपर ड्यूटी वेगळी निघाली, २०१५ ला पत्रा जाऊन ॲल्युमिनियमची बॉडी आली (तेव्हा जुन्या मंडळींनी काय नावं ठेवली होती!), वजन ७०० पौंडांपर्यंत उतरलं. २०२२ मध्ये लाइटनिंग आली, पूर्ण बॅटरीवर, ना पेट्रोल ना सायलेन्सर, आणि तिच्याही नावात तेच, एफ-१५०.